घरच्या विमानाला दारचं इंजिन

मी येलहंक्यातल्या घराच्या गच्चीवरून बोलतोय, तेव्हा मध्येच आवाज आला तर समजून घ्या. एका बाजूला हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर जक्कूरची धावपट्टी. १९९६ पासून एअरो इंडिया इथेच भरतं. तळावर जेट विमानं गर्जतात आणि जक्कूरवरून छोटी विमानं शिलाई मशीनसारखी टकटक करत जातात. आजचा विषय त्या टकटक करणाऱ्यांचा आहे.

विषय सुचला तो एका फोनमुळे. माझ्या पुतण्याचा मुलगा इचलकरंजीला असतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि एका मशीन शॉपमध्ये लेथवर हात बसलाय. मध्यंतरी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"आबा, झेनचं इंजिन घेतलंय भंगारातनं. एकदम कडक हाय. विमानाला बसवावं म्हणतोय. हुईल न्हवं?"

विमानाचा सांगाडा त्यानं आधीच रचायला घेतला होता, नळ्यांचा आणि कापडाचा. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी तोफखान्यातला माणूस, वैमानिक नव्हे. पण नाही म्हणून फोन ठेवला तर पोरगं गप्प बसणारं नाही, हे मला कळलं. माझ्याच रक्ताचं आहे. म्हणून त्याला म्हटलं, उत्तर देतो, पण तीन रात्री फोनवर बसायचं. त्या तीन रात्रींचं बोलणं तुम्हाला सांगतो.

सुरुवात राइट बंधूंपासूनच करावी लागते, कारण घरी बनवलेल्या विमानाला इंजिन कुठून आणायचं हा प्रश्न त्यांनाही पडला. १९०२ च्या अखेरीस त्यांच्याकडे उडणारा ग्लायडर होता, पंखांचं शास्त्र होतं, तोल कसा सांभाळायचा ते कळलं होतं. इंजिन नव्हतं. त्यांनी मोटार कारखान्यांना पत्रं लिहिली की आठेक अश्वशक्तीचं हलकं इंजिन द्याल का? जमेल असं कुणाकडून आलं नाही. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत इंजिन बनवलं. क्रँकशाफ्ट पोलादाच्या ठोकळ्यातून ड्रिल आणि लेथवर काढला. इंजिनाचं अंग गावातल्या फाउंड्रीतून ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतलं. कार्ब्युरेटर असा नव्हताच. पहिल्या चाचण्यांत ते इंजिन जॅम होऊन फुटलं, पुन्हा ओतकाम करावं लागलं. शेवटी ८० किलोच्या आसपास वजनात १२ अश्वशक्ती मिळाली.

इथे पोरगं म्हणालं, "म्हंजे आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीत झालं असतं की." झालं असतं. पण त्या इंजिनाची एक गोष्ट लोक विसरतात. इंजिन मिनिटाला हजारेक फेरे फिरायचं आणि प्रोपेलर त्याच्या साधारण एक तृतीयांश वेगाने. मध्ये सायकलच्या चेनीसारखी चेन आणि लहानमोठी दातेरी चाकं. इंजिनाचा वेग प्रोपेलरला चालत नाही, हे त्यांना पहिल्याच विमानात कळलं होतं.

(आता प्रेक्षकांपैकी कुणीतरी तळपद्यांचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १८९५ च्या चौपाटीच्या उड्डाणाची गोष्ट मीही लहानपणी अभिमानाने ऐकलीय. पण तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं उडू शकत नाहीत, हे इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये गणित मांडून दाखवलंय. तळपदे धडपडे होते, तेवढं खरं. आपण पुढे जाऊ.)

तर वेगाचा प्रश्न. पोराला म्हटलं, कागद घे. प्रोपेलर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.७ मीटर धर. मिनिटाला २,५०० फेरे. टोकाचा वेग किती? त्याने मोबाइलवर काढला, सेकंदाला २२२ मीटर. ठीक. आता ६,००० फेरे घाल. ५३४ मीटर. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. प्रोपेलरचं टोक ध्वनीच्या पुढे गेलं की तो हवा ढकलायची सोडून नुसता कोकलतो, आणि शक्ती वाया जाते. झेनचं एक लिटरचं इंजिन ५० अश्वशक्ती देतं खरं, पण ती सहा हजार फेऱ्यांच्या पुढे. अडीच हजार फेऱ्यांवर त्यातून त्याच्या निम्मीसुद्धा निघायची नाही.

विमानासाठी बनवलेलं कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिन ३.३ लिटरचं आहे. एवढं थोरलं इंजिन आणि शक्ती फक्त १००! मोटारवाल्यांना हे हास्यास्पद वाटतं. पण ते १०० अश्वशक्ती २,७५० फेऱ्यांवर देतं, प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसतो, मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. आणि तशा अवस्थेत ते तासन्‌तास चालतं.

हा तासन्‌तासचा मुद्दा मोठा आहे. मोटार सपाट रस्त्यावर ऐंशीने चालते तेव्हा इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा हिस्सा वापरत असतं. विमानात उडताना पूर्ण ताकद आणि नंतर सतत सत्तर-पंचाहत्तर टक्के. पोराला म्हटलं, झेनमध्ये चार माणसं बसव, टपावर सामान बांध आणि दुसऱ्या गिअरमध्ये आंबोली घाट चढ. घाट दोन तास संपतच नाही असं समज. हे तुझ्या इंजिनाचं रोजचं काम.

मग मोटारीचं इंजिन विमानात चालतच नाही का? चाललंय, आणि झकास चाललंय. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं खेडं आहे. तिथे बर्नार्ड पीटनपोल हा स्वतःच शिकलेला मेकॅनिक होता. त्याने १९२९ मध्ये आपल्या लाकडी-कापडी 'एअर कॅम्पर' विमानाला फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन लावलं. त्या काळी एका नामवंत मासिकाचे संपादक म्हणत होते की मोटारीचं इंजिन विमानाला चालायचं नाही. या गड्याने वाद घातला नाही. तशी दोन विमानं उडवत थेट मिनियापोलिसला नेऊन दाखवली. पुढे त्याच संपादकांनी त्याचे आराखडे छापले आणि आजही त्यावरून लोक विमानं बांधतात.

त्याला जमलं, कारण मॉडेल-एचं इंजिन ३.३ लिटरचं. पाहा, ओ-२०० एवढंच! शक्ती फक्त ४० अश्वशक्ती, पण ती २,२०० फेऱ्यांवर. प्रोपेलर थेट लावता येत होता. पीटनपोलने मोटारीची ठिणगीची व्यवस्था काढून मॅग्नेटो बसवला, म्हणजे बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहील. रेडिएटर मात्र वैमानिकाच्या डोळ्यांसमोर उभा. दिसण्याचं काही बोलू नका.

म्हणजे पीटनपोलने मोटारीचं इंजिन घेतलं ते योगायोगाने विमानाच्या स्वभावाचं होतं. पुढे मोटारी सुधारत गेल्या, इंजिनं लहान आणि पळणारी झाली, आणि हौशी विमानवाल्यांचं काम अवघड झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात त्यांना फोक्सवॅगन बीटल सापडली. हवेने थंड होणारी, आडवी, चार सिलिंडरची. पाणी नाही, रेडिएटर नाही. शेकडो छोटी विमानं तिच्यावर उडाली.

आता हा धागा बेंगळुरूला येतो तो ऐका. १९७५ मध्ये बर्ट रुटानने 'व्हेरीईझ' नावाचं विचित्र दिसणारं विमान बांधलं. छोटे पंख पुढे, मोठे मागे, इंजिन पाठीला. पहिल्या विमानाला फोक्सवॅगनचं इंजिन होतं. ऑशकॉशच्या मेळाव्यात अंतराचा विक्रम करायला निघाले, तर पहिल्या प्रयत्नात इंजिनाने दगा दिला. दुसऱ्या प्रयत्नात बर्टचा भाऊ डिक याने १,६३८ मैलांचा विक्रम केला. दुसरा कुणी असता तर विक्रमाची जाहिरात करून फोक्सवॅगनवरच आराखडे विकले असते. रुटानने लोकांसाठी आराखडे काढले ते कॉन्टिनेन्टल ओ-२०० धरून. पुढचं 'लाँग-ईझी' आलं लायकॉमिंग ओ-२३५ वर.

आणि लाँग-ईझीच्याच धर्तीवर आपल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, एनएएलने, १९८० च्या दशकात इथे बेंगळुरूत एक संशोधन विमान बांधलं. एलसीआरए म्हणतात त्याला. काचतंतू आणि रेझिनने विमान कसं बांधायचं हे आपले लोक त्यावर शिकले. एका हौशी माणसाचं गॅरेजमधलं विमान सरकारी प्रयोगशाळेचा पहिला धडा झालं, याची मला गंमत वाटते. त्या अनुभवातून आलं 'हंसा'. नोव्हेंबर १९९३ मध्ये उडालेल्या पहिल्या हंसाला कॉन्टिनेन्टल इंजिन होतं. १९९६ मध्ये हंसा-३ उडालं ते ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१४ वर. मुलींच्या लग्नात स्थळ बदलावं तसं इंजिन बदललं म्हणाल, पण विमानात ते इतकं सोपं नसतं. वजन बदललं की तोल बदलतो, इंजिनाचा पाळणा नव्याने करावा लागतो, थंड करायची हवा दुसरीकडून घ्यावी लागते. हंसा-३ ला प्रमाणपत्र मिळायला २००० साल उजाडलं. सप्टेंबर २०२१ मध्ये उडालेलं नवं हंसाही रोटॅक्सवरच आहे.

रोटॅक्सबद्दल दोन शब्द. १९८९ मध्ये त्यांचं ९१२ आलं, १.२ लिटर आणि ८० अश्वशक्ती, ५,८०० फेऱ्यांवर. म्हणजे स्वभाव मोटारीचाच. पण गिअरबॉक्स, दुहेरी ठिणगी, सगळं पहिल्यापासून विमान डोळ्यांपुढे ठेवून केलेलं. बेंगळुरूच्याच राजहंस अल्ट्रालाइट्सच्या एक्स-एअर विमानांवर रोटॅक्सचं टू-स्ट्रोक ५८२ बसायचं. हलकं आणि जोरकस, पण ३०० तासांना पूर्ण खोलायचं. त्याच घराण्यातल्या 'हनुमान'ला ऑस्ट्रेलियाचं जबिरू २२०० दिलं गेलं. २.२ लिटर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड, ३,३०० फेरे, प्रोपेलर थेट. फिरून पुन्हा पीटनपोलच्याच हिशोबावर आले!

दुसऱ्या रात्री मी पोराला त्याच्याच जिल्ह्यातल्या माणसाची गोष्ट सांगितली. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, नंतर विज्ञान संस्थेत वैमानिकी शिकवली, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये देशाचं स्वतःचं शिकाऊ विमान एचटी-२ आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये पहिलं एचटी-२ उडालं तेव्हा पुढे डी हॅविलंडचं जिप्सी मेजर इंजिन होतं. दुसऱ्या नमुन्याला ब्लॅकबर्नचं सिरस मेजर बसवलं, १५५ अश्वशक्तीचं, आणि पुढची दीडशेहून जास्त विमानं त्यावरच निघाली. विमान उत्तम होतं. पण ब्लॅकबर्न १९६० मध्ये दुसऱ्या समूहात विलीन झाली, आणि असली छोटी पिस्टन इंजिनं जगातून मागे पडली. विमान आपलं, आराखडा आपला, सांगाडा ठणठणीत, आणि सुटे भाग मात्र ज्याने दुकान मिटलं त्याचे. पुढे काही एचटी-२ विमानांना अमेरिकन लायकॉमिंग लावून आयुष्य वाढवावं लागलं.

आमच्या तोफखान्यालाही याची झळ होती. तोफांचा मारा वरून पाहून सुधारणारी जी एअर ओपी विमानं होती, त्यांतल्या ऑस्टर-९ ला ब्लॅकबर्नचंच बॉम्बार्डियर इंजिन. नंतर घाटग्यांच्याच हिंदुस्तान एअरक्राफ्टने 'कृषक' दिलं. ते 'पुष्पक'चं थोरलं भावंड. आधी १९० अश्वशक्तीच्या इंजिनावर उडालेलं, सैन्याच्या कामासाठी २२५ चं कॉन्टिनेन्टल घातलेलं. मी फौजेत आलो तेव्हा कृषक गेलं होतं, पण मेसमध्ये ते उडवलेले साहेब लोक होते. त्यांच्या तोंडून विमानापेक्षा इंजिनाच्याच गोष्टी जास्त ऐकल्या. इंजिन एकच असलेल्या माणसाचा कान कायम तिकडे असतो.

याच शहरात उत्तर काढायचे प्रयत्नही झाले. पुष्पकसाठी ९० अश्वशक्तीचं पीई-९०एच इंजिन हिंदुस्तान एअरक्राफ्टने आखलं होतं. पोहोचलेलं उदाहरण मात्र वैमानिकाविना उडणाऱ्या 'निशांत'चं. निशांत आमच्या कामाचं, मारा पाहणारं, ट्रकवरून सोडायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. त्याला इंग्लंडचं ॲल्विस वँकेल इंजिन होतं, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते. त्याला पर्याय म्हणून इंजिनाचा गाभा एनएएलने केला, इंधन आणि ठिणगीची व्यवस्था आपल्या अहमदनगरच्या व्हीआरडीईने, आणि विमानावर बसवायचं काम एडीईने. ५५ अश्वशक्ती, वजन ३० किलोच्या आसपास. २९ मार्च २००९ ला कोलारच्या धावपट्टीवरून ते इंजिन घेऊन निशांत उडालं. तीन संस्था लागल्या. आणि त्यात माणूस बसलेला नव्हता.

हे ऐकून पोरगं बराच वेळ गप्प होतं. मग म्हणालं, "पण आबा, झेनच्याच घराण्याची इंजिनं लावत्यात की बाहेर."

खरं आहे, त्याने अभ्यास केला होता. सुझुकीची जी-१० आणि जी-१३, म्हणजे आपल्या झेन-एस्टीमच्या घराण्यातली इंजिनं, परदेशात हलक्या विमानांवर वेग कमी करणारी पेटी लावून उडाली आहेत. म्हणून तिसरी रात्र त्या पेटीवर गेली.

फौजेत पूल लागला की पावलं तोडून चाला असा हुकूम असतो. शंभर बूट एका ठेक्यात पडले आणि तो ठेका पुलाच्या झोक्याशी जुळला तर पूल डोलायला लागतो. इंजिनातही सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला हातोडा बसतो. मोटारीत तो धक्का फ्लायव्हील, क्लच, शेवटी टायरपर्यंत जिरत जातो. विमानात दुसऱ्या टोकाला जड प्रोपेलर असतो, तो हलायला तयार नसतो. मधला गिअर किंवा पट्टा हातोडा आणि ऐरण यांच्यामध्ये सापडतो. कुठल्यातरी एका फेऱ्यावर ठेका जुळतो, दाते झडतात, पट्टा फाटतो. इंजिन मात्र मजेत फिरत असतं! मोटारीचं इंजिन लावलेल्या विमानांत खुद्द इंजिनाच्या पोटात बिघाड होण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या घरगुती गोष्टींनी जास्त घात केलाय. पेटी, पाण्याचा पाइप, पेट्रोलची नळी, ठिणगीची एकच वायर.

पेट्रोलचं तर आपल्याकडे वेगळंच झालंय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला खातं. रोटॅक्ससुद्धा दहा टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतं. विमानाचं खास पेट्रोल, एव्हगॅस, २०२२ पर्यंत आपण आयात करत होतो. नंतर इंडियन ऑइलने वडोदऱ्याला करायला घेतलं, पण ते इचलकरंजीच्या पंपावर मिळत नाही.

शेवटी परवानगी. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला माहीत आहेत. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात विमान लोकांनी पाहिलं. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उडवायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. ज्याला रोज शेकडो प्रवाशांसह उडायचा परवाना होता त्याला इतकं थांबावं लागलं. मला हे अति वाटतं, लपवत नाही. पण नोंदणीशिवाय शेतातून उडालास तर गुन्हा आहे, आणि पोलिसांच्या आधी मी पोहोचेन, हेही पोराला सांगितलं.

मग काय ठरलं? त्याने झेनचं इंजिन विकलं नाही. मी म्हटलं, विमानाला हात लावू नकोस. जमिनीत काँक्रीट घालून लोखंडी घोडा बनव. त्यावर इंजिन, तुझा पट्टा आणि प्रोपेलर बसव. चारी बाजूंनी जाळी मार, प्रोपेलरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, धाकटा भाऊ तर आसपाससुद्धा नको. पंचाहत्तर टक्क्यांवर चालव आणि वहीत तास लिही. शंभर तास न थांबता, न बिघडता झाले की मला फोन कर, मग जक्कूरला घेऊन जातो, जाणत्या माणसांशी गाठ घालून देतो. त्याच्या वडलांनाही सांगायला लावलं. त्यांनी मला फोन करून आधी शिव्या घातल्या आणि मग विचारलं की जाळी किती जाडीची आणू.

बाविसाव्या तासाला पाण्याचा पाइप सुटला. एकतिसाव्याला ठिणगीची वायर जळाली. गेल्या रविवारी दुपारी पुन्हा फोन.

"आबा, एक्केचाळीस तास झालं. पट्टा तुटला. जाळीत जाऊन अडकलाय, दोन तुकडं."

"इंजिन?"

"चालूच हुतं. मीच बंद केलं." मग थोडं थांबून म्हणाला, "आता परत शून्यापास्नं मोजायचं?"

हो म्हटलं.